‘जुळवून घ्या’ हे कोण कोणाला सांगतो?

मराठीत ‘जुळवून घेणे’ असे एक क्रियापद आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. मुलांना असा शब्द समजावताना त्याचा अर्थ सांगून भागत नाही, तो कोण कोणासाठी वापरतो हेही सांगावे लागते. नव्या सुनेला सांगतात, जुळवून घे. सासूला कोणी सांगत नाही. भाडेकरूला सांगतात, घरमालकाला सांगत नाहीत. बदली झालेल्या कारकुनाला सांगतात, बदलीच्या आदेशावर सही करणाऱ्या साहेबाला सांगत नाहीत. उर्दूत आम्ही ‘निबाह करो’ म्हणतो, तेही घरातल्या सर्वात दुबळ्या माणसालाच. मुस्लिम वाचकांना या क्रियापदाची वेगळी ओळख करून द्यायला नको. ‘मुख्य प्रवाहात या’ हे त्याचेच सभ्य रूप आहे.

आता हेच क्रियापद हवामानबदलाच्या चर्चेत ‘अनुकूलन’ असे भारदस्त नाव घेऊन आले आहे. उत्तर ध्रुवाच्या आसपास राहणाऱ्या छोट्या छोट्या समाजांविषयी लेख येतात, माहितीपट निघतात. बर्फ वितळतो आहे, पण हे लोक किती चिवट आहेत, बदलाशी कसे जुळवून घेत आहेत, जगाने त्यांच्याकडून शिकावे, असा त्यांचा सूर असतो. मला या कौतुकाचा राग येतो. या लोकांना जुळवून घेण्याची कला कोणी शिकवायची गरज कधीच नव्हती, हजारो वर्षे ते तेच करत आले. ती कला त्यांच्या हातून काढून घेतली गेली. ज्यांनी काढून घेतली, तेच आज तिचे गोडवे गातात आणि खर्चाची वेळ आली की हात वर करतात. हे मी पुराव्यानिशी मांडणार आहे, आणि त्यात माझ्या पेशाचाही, म्हणजे शाळेचाही, हिशेब करणार आहे.

आधी ही माणसे कोण ते पाहू. आपल्याकडे ‘एस्किमो’ म्हटले की बर्फाचे घर आणि कुत्र्यांची गाडी, एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, अलास्काच्या उत्तरेचे इनुपियाट, नैऋत्येचे युपिक. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तरेला सामी आहेत, त्यांच्यातले काही रेनडियर पाळतात. हे वेगवेगळे लोक आहेत, त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. एक गोष्ट मात्र त्यांच्यात समान होती. ते ऋतूप्रमाणे हलत असत. सील कुठे, मासा कुठे, रेनडियर कुठे, त्याप्रमाणे मुक्काम. किनारा खचला तर पुढच्या वर्षी तळ थोडा आत. हेच त्यांचे अनुकूलन होते. त्यासाठी परिषद भरवावी लागत नव्हती.

मग त्यांना एका जागी बांधून कोणी ठेवले? अलास्कातले किवालिना हे इनुपियाट लोकांचे सुमारे चारशे वस्तीचे गाव घ्या. ते समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या एका चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर आहे. पूर्वी ही शिकारीच्या हंगामात थांबायची जागा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने तिथे शाळा बांधली. मुलांना शाळेत घाला, नाहीतर तुरुंगात जाल, असे आपल्या आजी-आजोबांना सांगितले गेले, असे तिथले लोक सांगतात. मुलांपाठोपाठ आईबाप आले आणि हंगामी तळाचे कायमचे गाव झाले. न्यूटोक या युपिक गावाची कथाही तशीच. शाळेचे सामान घेऊन येणारा तराफा नदीतून जिथवर येऊ शकत होता, तिथे शाळा झाली आणि शाळेभोवती गाव झाले. जागा निवडताना जमीन टिकेल का हे पाहिले गेले नाही, तराफ्याची सोय पाहिली गेली. आज न्यूटोकची ती जमीन निंगलिक नदीने गिळली आहे.

मी शिक्षक आहे. शाळा म्हणजे निखळ पुण्य, असे आम्हाला बी.एड.ला शिकवले जाते. हा इतिहासही तिथे शिकवला पाहिजे. शाळा कुठे बांधायची, कोणत्या भाषेत चालवायची आणि तिच्यासाठी घरच्यांनी काय सोडायचे, हे ज्यांची मुले आहेत त्यांना न विचारता ठरवले, तर शाळासुद्धा खुंटा होते आणि माणसे दावणीला बांधली जातात.

आता त्या खुंट्याखालची जमीन विरघळते आहे. 1979 पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. 2012 च्या सप्टेंबरात तिथला समुद्री बर्फ आक्रसून सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला होता, उपग्रहाने नोंदी सुरू झाल्यापासून एवढा कमी कधीच नव्हता. शरद ऋतूत समुद्र लवकर गोठायचा तेव्हा तो बर्फ किनाऱ्याची ढाल असायचा. आता वादळांच्या दिवसांत समुद्र उघडा असतो आणि लाटा थेट घरांच्या पायथ्याशी येतात. वर्षानुवर्षे गोठलेली असते ती जमीन, जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आतून मऊ होते आणि घर कलते. तळघरासारखी खणलेली नैसर्गिक शीतगृहे, ज्यात व्हेलचे मांस वर्षभर टिकायचे, त्यांत पाणी साचते. बर्फावरून जाणारा अनुभवी शिकारीही फसतो, कारण आजोबांनी शिकवलेल्या खुणा आता भरवशाच्या राहिल्या नाहीत.

हे सगळे अचानक कळले असेही नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2003 साली अहवाल दिला. अलास्कातल्या मूळनिवासींच्या 213 गावांपैकी 184 गावांना पूर आणि धूप यांचा कमी-अधिक फटका बसतो आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. 2009 साली त्याच कार्यालयाने 31 गावांना तातडीचा धोका असल्याचे सांगितले. त्यातल्या 12 गावांनी स्थलांतराचा विचार सुरू केला होता. अशा गावांना हलवण्याची जबाबदारी एका कोणत्याही केंद्रीय खात्याकडे नाही, हेही त्याच अहवालात होते. म्हणजे गाव बुडणार हे सरकारला माहीत, आणि गाव हलवणे हे कोणाचेच काम नाही.

शिशमारेफ हे सुमारे सहाशे वस्तीचे इनुपियाट गाव एका अरुंद बेटावर आहे. तिथल्या लोकांनी 2002 साली मतदान करून हलायचे ठरवले. काही झाले नाही. 2016 साली पुन्हा मतदान झाले, 89 मते हलण्याच्या बाजूने, 78 राहण्याच्या. गाव अजून तिथेच आहे. ‘गावकऱ्यांचेच एकमत नाही’ असे सांगून काही जण याचाही उपयोग करतात. त्या 78 जणांची भीती साधी आहे. निघालो आणि नवे गाव उभे राहिलेच नाही, तर शहरात विखुरले जाऊ, आणि मग शिशमारेफ हे फक्त आडनावापुढचे गाव उरेल. ‘पुनर्वसन’ हा शब्द महाराष्ट्रात कोयनेपासून लोकांना ठाऊक आहे. या भीतीला अडाणीपणा म्हणायची हिंमत निदान आपण करू नये.

न्यूटोकने 1990 च्या दशकातच हलायचे ठरवले होते. पलीकडच्या बेटावर मर्टारविक नावाची जागा त्यांनीच निवडली, जेमतेम पंधरा किलोमीटरवर. जमिनीच्या अदलाबदलीला अमेरिकी संसदेची मंजुरी 2003 साली मिळाली. पहिली कुटुंबे तिथे राहायला गेली ऑक्टोबर 2019 मध्ये. पंधरा किलोमीटरला सोळा वर्षे! याच लोकांचे पूर्वज वर्षातून दोनदा मुक्काम हलवत असत. मधल्या काळात त्यांनी धूप ही आपत्ती जाहीर करा म्हणून अर्ज केला, तर तो 2017 च्या जानेवारीत नाकारला गेला. तिथला आपत्तीचा कायदा वादळ, पूर, भूकंप अशा एकाएकी कोसळणाऱ्या संकटांसाठी घडवलेला आहे. रोज हातभर जमीन जाते तिला त्या कायद्यात जागा नाही. हळूहळू मरणाऱ्याला दवाखान्याने सांगावे की तुमचा अपघात झालेला नाही, तेव्हा दाखल करता येणार नाही, तसा हा प्रकार.

किवालिनाने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. 2008 साली या चारशे लोकांनी एक्सॉनमोबिलसह दोन डझन तेल, वीज आणि कोळसा कंपन्यांवर दावा लावला. तुमच्या धुराने आमचे गाव चालले आहे, हलण्याचा खर्च द्या, एवढीच मागणी. 2009 साली दावा फेटाळला गेला. 2012 साली अपिलात तोच निकाल कायम राहिला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. हा प्रश्न न्यायालयाचा नाही, संसदेचा आणि सरकारचा आहे, असा त्या निकालांचा मथितार्थ. आणि संसद काय करते ते आपण पाहिलेच.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. तर ऑक्टोबर 2025 ची गोष्ट सांगतो. हालोंग नावाच्या चक्रीवादळाचे अवशेष अलास्काच्या नैऋत्य किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या युपिक गावांत घरे पायापासून सुटून माणसांसकट पाण्यावर वाहत गेली. शेकडो लोकांना विमानांतून सुमारे आठशे किलोमीटरवरच्या अँकरेज शहरात हलवावे लागले. किपनुकच्या नदीकाठाच्या संरक्षणासाठी दोन कोटी डॉलरचे अनुदान मंजूर झाले होते. ते त्याच वर्षी, वादळाच्या काही महिने आधी, नव्या केंद्र सरकारने रद्द केले होते. ते काम वेळेत पुरे होऊन गाव वाचले असते असे मी म्हणत नाही. पण अनुदान रद्द करणाऱ्यांनी मग त्या लोकांच्या चिवटपणाचे कौतुक तरी करू नये.

आता कॅनडाकडे वळू, कारण तिथे हलवण्याचा उलटा प्रकार झाला. 1953 आणि 1955 साली क्वेबेकच्या उत्तरेकडील इनुक्जुआक आणि बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेट इथल्या काही इनुइट कुटुंबांना जहाजांवर घालून अतिउत्तरेला, ग्रीझ फियॉर्ड आणि रेझोल्यूट इथे नेऊन सोडले. इनुक्जुआकच्या लोकांसाठी हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर होते. तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने अंधार, प्राणी वेगळे, बर्फ वेगळा. दोन वर्षांत परत आणू, हे वचन पाळले गेले नाही. त्या ओसाड बेटांवर कॅनडाचा हक्क दिसावा म्हणून माणसे झेंड्यासारखी रोवली गेली, असे ते लोक म्हणत आले. सरकारने माफी मागितली ती 2010 साली. ज्यांना नेले होते त्यांच्यातले बहुतेक जण तोवर अल्लाघरी गेले होते.

त्याच काळात, म्हणजे 1950 ते 1970 च्या दशकांत, पूर्व आर्क्टिकमध्ये इनुइटांची गाडी ओढणारी कुत्री पोलिसांनी गोळ्या घालून मारली. वस्तीत मोकळी फिरतात, धोकादायक आहेत, हे कारण. कुत्री गेली म्हणजे शिकार गेली, शिकार गेली म्हणजे दुकानाची उधारी आली. याची चौकशी इनुइटांनी स्वतःच्या सत्यशोधन आयोगामार्फत केली, तिचा अहवाल 2010 साली आला आणि केंद्र सरकारची माफी 2019 साली. शिवाय 1940 च्या दशकापासून प्रत्येक इनुइटाला गळ्यात घालायची एक चकती दिली होती, तिच्यावर क्रमांक. कारण साहेबांना नावे लिहिता येत नव्हती आणि आडनावांची पद्धत नव्हती. मी रोज सकाळी हजेरी घेतो. नाव नीट उच्चारले नाही तर सहावीतली मुलगीसुद्धा लगेच दुरुस्त करते. तिथे एका अख्ख्या समाजाला सांगितले गेले की आम्हाला तुमचे नाव येत नाही, तेव्हा तुम्ही आकडा व्हा. जुळवून घ्या!

हा अन्याय फक्त वाईट माणसांनी केला असता तर गोष्ट सोपी होती. भल्या माणसांनीही तोच शब्द वापरला. सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध युरोपात मोठी चळवळ झाली आणि 1983 साली त्या कातड्यांच्या आयातीवर बंदी आली. इनुइट ती पिल्ले मारत नव्हते. ते मोठे सील मारायचे, मांस खायचे आणि कातडे विकून बंदुकीची गोळी आणि इंधन घ्यायचे. पण बाजार सगळ्याच कातड्यांचा कोसळला. 2009 च्या युरोपीय बंदीत इनुइटांना सवलत दिली गेली, तोवर गिऱ्हाईकच उरले नव्हते. 2016 साली एका इनुइट दिग्दर्शिकेने, अलेथिया अर्नाकुक-बारिल यांनी, ‘अँग्री इनुक’ नावाचा माहितीपट काढून हे जगाला सांगितले. नाव बरोबर आहे. रागवायलाच हवे होते.

नॉर्वेत हवामान वाचवण्याच्या नावानेच हे घडले. फोसेन भागात 151 पवनचक्क्या उभारल्या, स्वच्छ विजेसाठी. जागा होती सामी लोकांच्या रेनडियरची हिवाळ्यातली चराई. आधीच हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर धरतो आणि रेनडियरला खालचे शेवाळ खुराने उकरता येत नाही. त्यात उरलेली चराईही गेली. ऑक्टोबर 2021 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग करतात. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. पाचशे दिवस उलटल्यावर 2023 साली तरुण सामींनी ओस्लोत मंत्रालये अडवली, तेव्हा सरकार हलले. शेवटी समझोते झाले, आणि पवनचक्क्या आजही तिथे आहेत. धूर सोडणारे मोठे, धूर कमी करण्याची जागा मात्र छोट्याच्या अंगणात!

माझ्याशी वाद घालणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला मुद्दा माझे विद्यार्थीच विचारतात, ‘‘सर, ते लोक तिथून निघून का जात नाहीत?’’ मुलांचा प्रश्न निरागस असतो, मोठ्यांचा नसतो. भिवंडीत किंवा मालेगावात पावसाचे पाणी घरात शिरते तेव्हा तुम्ही शहर का सोडत नाही, असे आम्हाला कोणी विचारले तर काय उत्तर देऊ? तिथे आमचे मोहल्ले आहेत, कब्रस्तान आहे, रोजगार आहे, बोलायला माणसे आहेत. त्यांचेही तेच आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. शिशमारेफ हलवायला सुमारे अठरा कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. सहाशे माणसांमागे एवढा पैसा? आकडा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक गाव वाचवता येणार नाही हेही खरे असेल. पण या हिशेबाची सुरुवात खर्चाच्या रकान्यापासून करणे ही लबाडी आहे. त्यांना त्या वाळूवर कायमचे बसवले कोणी, आणि समुद्र तापवणाऱ्या धुरात त्या सहाशे जणांचा वाटा किती, हे दोन रकाने आधी भरा. मग बेरीज करू.

तिसरा मुद्दा जास्त कावेबाज आहे. हे लोक आता स्नोमोबाईल चालवतात, मोबाईल वापरतात, मग कसली परंपरा? म्हणजे बदलले तर अस्सल नाहीत, आणि नाही बदलले तर मागासलेले. हा सापळा मुसलमान वाचकांना नवा नाही. मुलगी शिकली की ‘अपवाद’ आणि नाही शिकली की ‘समाजच तसा’.

खरे तर नवे आणि जुने एकत्र आणायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, फक्त निर्णय त्यांचा असावा लागतो. कॅनडातल्या नुनात्सियावुत भागात 2010 च्या आसपास हिवाळा विलक्षण उबदार गेला, बर्फावरून जाताना अपघात झाले. त्यातून स्मार्टआइस नावाचा उपक्रम उभा राहिला. गावातलीच तरुण मुले बर्फात मोजपट्टीसारखी उपकरणे रोवतात, स्नोमोबाईलमागे जाडी मोजणारे यंत्र ओढतात, उपग्रहाची चित्रे वाचतात, आणि कोणता बर्फ धोक्याचा हे जाणत्या शिकाऱ्यांना विचारून नकाशा करतात. बर्फासाठीचे शब्द त्यांच्या भाषेत आहेत, आणि प्रत्येक शब्द म्हणजे पाय ठेवावा की नाही याचा सल्ला आहे. तो शब्द विसरलेला मुलगा बुडू शकतो. भाषा टिकवणे म्हणजे भावनेचे चोचले, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

म्हणूनच नुनावुतची गोष्ट मला जिव्हारी लागते. 1 एप्रिल 1999 रोजी इनुइटांनी वाटाघाटी करून कॅनडात स्वतःचा प्रदेश मिळवला. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, पंचवीस वस्त्या, सुमारे चाळीस हजार लोकसंख्या. 2008 च्या शिक्षण कायद्याने वचन दिले की 2019 पर्यंत सर्व वर्गांत इनुइट भाषेतून शिक्षण मिळेल. 2020 साली कायदा बदलून ती मुदत 2039 पर्यंत ढकलली. कारण काय, तर शिक्षक नाहीत. उर्दू शाळेत नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, हे वाक्य पाठ असते. शिक्षक नाहीत म्हणून वर्ग बंद, वर्ग बंद म्हणून विद्यार्थी कमी, विद्यार्थी कमी म्हणून पद मंजूर नाही, आणि मग शिक्षक नाहीत. नुनावुतच्या इनुइट संघटनेने 2021 साली याविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. मी त्यांच्या बाजूने आहे. शेजारच्या ग्रीनलंडने 2009 साली ग्रीनलंडी ही एकमेव अधिकृत भाषा केली, तीही साठ हजारांपेक्षा कमी लोकसंख्येत. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

आणि आता आपल्या दीनी भावंडांची गोष्ट. कॅनडात आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला इनुविक गाव आहे. 2010 साली तिथे एक मशीद पोहोचली. पोहोचली म्हणजे खरोखरच पोहोचली. विनिपेगमध्ये बांधून ती ट्रकवर आणि मग मॅकेन्झी नदीतून तराफ्यावर सुमारे चार हजार किलोमीटर प्रवास करून आली, नदी गोठण्याच्या आधी. गावात उन्हाळ्यात जवळपास आठ आठवडे सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात महिनाभर उगवत नाही. मग रोजा कधी सोडायचा? सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. एक दिवस वर्षाएवढा होईल असे पैगंबरांनी (स.) सांगितले, तेव्हा सहाबांनी विचारले की मग त्यात एकाच दिवसाची नमाज पुरेल का. नाही, वेळेचा अंदाज बांधून नमाज पढा, असे उत्तर मिळाले. त्याच आधारावर आलिमांनी दक्षिणेकडच्या शहराची किंवा मक्केची वेळ धरायची मुभा दिली. इथे सूर्याने नियम मोडला तेव्हा माणसाला मोडले नाही, नियमाने जागा करून दिली. चौदाशे वर्षांपूर्वीच्या शरियतीत असलेली ही लवचिकता एकविसाव्या शतकातल्या आपत्तीच्या कायद्यात नाही, याची लाज त्या कायद्याला वाटावी.

पण केवळ मशिदीचा अभिमान मिरवून थांबू नये. इनुविक हे गावच सरकारने 1950 च्या दशकात वसवले, कारण जवळचे अक्लाविक पुराच्या पाण्यात जाते म्हणून तिथल्या लोकांना हलवायचे होते. अनेकांनी साफ नकार दिला. अक्लाविक आजही आहे, पाच-सहाशे लोकांचे, आणि आम्ही हरणार नाही हे त्यांनी गावाचे ब्रीदच केले. इनुविकमधले मुसलमान त्या भूमीवर बाहेरून आलेले आहेत. त्यांनी मशिदीत सर्व गावासाठी अन्नपेढी चालवली, हे चांगले केले. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर घरमालकाला ‘जुळवून घे’ म्हणायचे नसते, एवढे भान त्यांना होते. दोनशे वर्षांत आलेल्या बाकीच्या पाहुण्यांना ते नव्हते.

भारताचे यात काय, असे कोणी विचारेल. 2008 पासून स्वालबार्डमध्ये भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे, ते गोव्यातल्या वास्को इथली राष्ट्रीय संस्था चालवते. 2013 पासून आर्क्टिक परिषदेत भारत निरीक्षक आहे, आणि 2022 साली देशाचे आर्क्टिक धोरण जाहीर झाले. म्हणजे आपण तिथे आहोत. पण आपल्या बातम्यांत आर्क्टिक येतो तो जहाजांचा नवा मार्ग, जमिनीखालची खनिजे आणि आपला मान्सून एवढ्यापुरता. बर्फ वितळला की वाट मोकळी होते, हे वाक्य आनंदाने लिहिले जाते. ती वाट कोणाच्या अंगणातून जाते, हे लिहिले जात नाही.

वाचकहो, कीव आल्याने कोणाचे गाव वाचत नाही, आणि कौतुकाने तर नाहीच. त्या लोकांच्या मागण्या मोठ्या नाहीत. हलायचे की राहायचे हे आम्ही ठरवू. हलायचे ठरले तर सगळे गाव एकत्र हलेल, एकेक घर शहरात विखुरणार नाही. मुले आमच्या भाषेत शिकतील. आणि ज्यांच्या धुराने हे झाले, त्यांनी खर्चाचा वाटा उचलावा. किपनुक आणि क्विगिलिंगोकमधून अँकरेजला आलेल्या काही मुलांना तिथल्या एका शाळेत युपिक भाषेच्या वर्गात जागा मिळाली. घर वाहून गेलेल्या मुलाला वर्गात आपली भाषा ऐकू आली, एवढे तरी झाले. ते शक्य झाले, कारण तो वर्ग वादळाच्या आधीपासून तिथे होता. कोणीतरी आधीच भांडून तो उभा केला होता.

आपल्या गावातली उर्दू शाळा, आदिवासी पाड्यावरची शाळा किंवा कमी पटाची मराठी शाळा बंद करायचा कागद येईल, तेव्हा त्यावरही ‘समायोजन’ असाच एखादा शब्द असेल. तो ‘जुळवून घ्या’चा सख्खा भाऊ आहे. कागदावर सही करण्याआधी एवढेच विचारा, हे आम्हाला सांगणाऱ्याने स्वतः आजवर काय जुळवून घेतले?